उभे राहिलेले प्रधानजी

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथल्या राजाच्या सभेत प्रत्येक गावचा एक सभासद बसे. तळवाडीकडून सगुणाबाई बसत. त्यांच्या गावाच्या डोक्यावर मोठं धरण होतं आणि हल्ली त्याच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं. पावसाळा तोंडावर आलेला. भिंतीखालच्याच घरात सगुणाबाईंची तान्ही नात पाळण्यात निजे, आणि बाईंच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

सभेत त्यांनी विचारलं, तेव्हा भिंत भक्कम आहे असं प्रधानजींनी गोड हसून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रधानजी बसले, विषय संपला.

सगुणाबाईंनी राजापाशी टुमणं लावलं. राजा मनाचा चांगला होता. शेजारच्या राज्यांतल्या सभा प्रधानांना जाब कसा विचारतात ते पाहून या, असं म्हणून त्यानं त्यांना पाठवलं.

पहिल्या राज्यात सभासद काय गरजत होते! तिथंही एका जुन्या धरणाचाच विषय निघाला होता. प्रश्न असे झणझणीत की ऐकत राहावं. पण प्रश्न संपला की टाळ्या पडत, आणि उत्तराला कुणी थांबत नसे. प्रधान मजेत पान चघळत होता.

दुसऱ्या राज्यात सगळं शांत. तिथं रीत एकच होती. विचारणारा ‘पटलं’ म्हणेपर्यंत प्रधानानं उभं राहायचं आणि सभेनं जागचं हलायचं नाही.

सगुणाबाईंनी परत येऊन सांगितलेली ही रीत राजाला आवडली. त्यानं ती लगेच लागू केली.

पुढच्या सभेत प्रधानजी पुन्हा म्हणाले की भिंत भक्कम आहे. सगळे सगुणाबाईंकडे बघू लागले. प्रधानजींची मर्जी गेली तर तळवाडीला पाटाचं पाणी कोण देणार? तरी त्या म्हणाल्या, “नाही पटलं.”

प्रधानजींनी धरण बांधणाऱ्या पूर्वजांची थोरवी गायली. बाईंना पटलं नाही. जेवणाची वेळ टळली. चुळबुळ सुरू झाली. शेजारचे म्हातारे सभासद कानाशी लागले, “बाई, म्हणून टाका एकदाचं. एक शब्दच तर आहे.”

आपलंच चुकत असेल तर? एवढ्या माणसांना आपण उगाच उपाशी ठेवलं असेल तर? शब्द अगदी ओठांवर आला. मग त्यांना तो पाळणा आठवला.

“प्रधानजी,” त्यांनी विचारलं, “तुम्ही भिंत कधी पाहिलीत?”

प्रधानजींनी एकदा आपल्या रिकाम्या आसनाकडे पाहिलं.

“नाही पाहिली,” ते शेवटी म्हणाले. “मला सांगितलं गेलं, तेच मी सांगितलं.”

सभा उठली ती थेट धरणावर गेली. भिंतीच्या पायथ्याला हात लावला तर माती हातात येत होती. मग सगळं राज्य कामाला लागलं आणि पावसाआधी भिंत नव्यानं बांधून निघाली. त्या वर्षी पाणी काठोकाठ चढलं, पण तळवाडीतला पाळणा हलला तो फक्त आजीच्या हातानं.

पहिल्या राज्यातलं धरण त्याच पावसात फुटलं. त्याच्याबद्दल तिथं फार सुंदर प्रश्न विचारले गेले होते.

तात्पर्य: खरं उत्तर मिळेपर्यंत जो वाट पाहत नाही, त्यानं जाब विचारलाच नाही असं समजावं.