राजाला मीठ की साखर?

“परत विचारायचं नाही म्हणजे नाही!” स्कॉटलंडच्या किल्ल्यात शिकारीसाठी उतरलेला राजा गरजला.

समोर डूगल उभा होता, हात दोरीनं बांधलेले. त्याचा धंदा बॅगपाइप वाजवण्याचा, आणि गुन्हाही तोच. भरबाजारात बॅगपाइप फुंकून लोक गोळा केले आणि हा ओरडला, “आम्हाला परत विचारा!”

प्रकरण जुनं होतं. स्कॉटलंडच्या लोकांना राजानं एकदा विचारलं होतं, माझ्या राज्यात राहता की वेगळे होता? “राहा, ताटात घट्ट साय वाढू!” असं प्रधान गावोगाव सांगत फिरला. निम्म्याहून थोडे जास्त लोक ‘राहतो’ म्हणाले. साय आजतागायत आली नाही. उलट राजानं शेजारच्या राजांशी बिनसवून त्यांच्या बाजाराकडे पाठ फिरवली आणि स्कॉटलंडची मासळी धक्क्यावर कुजायला लागली. दक्षिणेतल्या लोकांना तेच हवं होतं आणि तेच संख्येनं जास्त. डोंगरातली माणसं नको नको म्हणत होती. ऐकतो कोण!

“महाराज, लोकांचं मन बदललंय,” डूगल म्हणाला.

“सिद्ध कर! पण एकाही माणसाला विचारायचं नाही. विचारणं हाच गुन्हा!”

“वा! काय न्याय!” प्रधानानं मान डोलावली.

“शिकार आटोपून मी दक्षिणेला परतेन, तोवर पुरावा आला पाहिजे. तोपर्यंत तळघरात राहा, नाही आला तर तिथेच कुजशील. पुरावा द्यायला तुझा माणूस कुणीही येवो, मला फरक पडत नाही.”

दाराआड कोळशाची बादली घेऊन उभ्या असलेल्या एफीनं हे सगळं ऐकलं. ती किल्ल्याच्या मुदपाकखान्यात कामाला होती आणि डूगलची एकुलती एक लेक होती. रडत बसायला तिला वेळ नव्हता. राजाच्या न्याहारीचं बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरातले सगळे सरदार टेबलाभोवती बसले होते. एफीनं ओटच्या लापशीचं भांडं आणलं आणि अदबीनं विचारलं, “महाराज, लापशीत मीठ की साखर? पाहुण्याला पहिल्या सकाळी विचारायची आमची रीत आहे. डोंगरातली माणसं मीठच घेतात. मीठ घेतलंत तर वर घट्ट साय.”

राजाला गोड आवडायचं. पण सरदार टक लावून बघत होते. “मीठ!” तो छाती काढून म्हणाला. “मी काय परका आहे?”

पहिला चमचा तोंडात गेला आणि राजाचे डोळे पांढरे झाले. “साय कुठाय?”

“येणार ना, महाराज! योग्य वेळ आली की. आत्ता ती वेळ नाही.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा खारट लापशी. राजा हळूच म्हणाला, “पोरी, आज साखर चालेल.”

“इश्श! काल विचारून झालं की!” एफी मोठ्यानं म्हणाली. सरदारांनी माना वर केल्या. राजानं निमूट चमचा उचलला.

त्यानंतरच्या सकाळी लापशीतून एक खारवलेला मासा डोकं वर काढून राजाकडे बघत होता.

“हे काय? मला मासा नको!”

“नको म्हणालात ते ऐकलं मी, महाराज. पण भांडं सगळ्यांचं एकच. खालच्या टेबलावर माणसं जास्त, त्यांना मासा हवा होता.”

“अगं, पण मी मीठ म्हणालो तेव्हा मासा कुठे होता?”

“नव्हता.”

“मग? सगळंच बदललं की! साय नाही, वर हे माशाचं डोकं! विचार! मला परत विचार!” राजानं टेबलावर अशी मूठ आपटली की मासा उडून प्रधानाच्या मांडीवर पडला.

सरदारांचे चमचे हवेत थांबले. एफीनं हात जोडले.

“महाराज, हेच म्हणाले म्हणून माझे बाबा तळघरात आहेत.”

राजानं टेबलावरची मूठ सोडली.

“महाराज, ही चलाखी आहे!” प्रधान मांडीवरचा मासा झटकत ओरडला. “हिनं पुरावा कुठे दिला? महाराजांचं मन बदललं म्हणून लोकांचंही बदललं?”

“मला काय माहीत!” एफी म्हणाली. “मी कुणाला विचारलंच नाही, हुकूमच तसा होता. पण प्रधानजी, लोकांचं मन बदललं नसेल तर परत विचारल्यावर ते परत ‘राहतो’च म्हणतील. तुमचंच जिंकणं पक्कं! मग विचारायला एवढे घाबरता कशाला?”

राजाच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या.

“आणि काय गं,” त्यानं विचारलं, “ते परत ‘राहतो’ म्हणाले, तर तुझा बाप गप्प बसेल?”

“बाबा? छे! दुसऱ्या दिवशी बाजारात बॅगपाइप घेऊन हजर! त्यांना स्वतःचं वाजवणं फार आवडतं, महाराज. ऐकणाऱ्यांचे हाल आम्हालाच ठाऊक.”

“म्हणजे जन्मभर विचारतच बसू?”

“एकदा लापशी नीट करून बघा की! ज्याला आपल्या रांधण्याची खात्री आहे, तो रोज विचारतो, ‘कशी झालीय?’”

राजा खो खो हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. सरदारही हसले. “सोडा त्या डूगलला! हवं तेव्हा, हवं तिथे ओरडू दे. आणि लोकांना परत विचारायची दवंडी त्याच्याच बॅगपाइपवर निघेल! या पोरीला माझ्या पागेतलं पांढरं तट्टू द्या, पाठीवर साखरेची गोणी लादून!”

प्रधान खाकरला. “जशी आज्ञा, महाराज. फक्त... आत्ता ती वेळ नाही. योग्य वेळ आली की...”

राजानं आपलं भांडं, माशाच्या डोक्यासकट, प्रधानापुढे सरकवलं.

एफी लगबगीनं पुढे झाली. “प्रधानजी, मीठ की...”

“विचारू नकोस!” राजा म्हणाला, आणि पुन्हा हसायला लागला.