आवडीच्या चुलीवरची मानाची जागा

तांबळखाडीच्या तोंडाशी, ओहोटीला उघडा पडणारा तो काळा खडक दिसतो ना, तीच आवडीची चूल. जमिनीकडची बाजू उंच आणि कालवांच्या शिंपांनी करवतीसारखी धारदार. समुद्राकडची उतरती, गुळगुळीत. शिकलेले लोक म्हणतात, लाटांनी झिजली. म्हणोत बापडे. गावात वेगळं सांगतात.

फार पूर्वी इथे बापूजी नावाचा खोत होता. त्याचा दंडक असा, की माझ्या जमिनीवर चूल पेटली तर अर्धी हांडी माझी. कुळथाच्या पिठल्याकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही. कालवांचा वास मात्र त्याला दोन डोंगरांपलीकडून यायचा म्हणे.

आवडीचा नवरा दर्याने नेलेला, पदरात तीन पोरं. ओहोटीला खडकांवर वाकून ती लोखंडी टोच्याने कालवं फोडायची, बोटं फाटून घ्यायची. घरी येऊन खोबऱ्याचं वाटण, ठेचलेली त्रिफळं, वरून दोन आमसुलं. मीठ बेताचंच, कालवं आपलं मीठ आपण घेऊन येतात. कालवण रटरटू लागलं की खोताचा गडी वाडगं घेऊन दारात हजर! तो कालवं तेवढी वेचायचा, रस्सा ठेवायचा. झाली की नाही अर्धी हांडी?

एकदा धाकटीने विचारलं, "आये, कालवां कशी लागतत गो?"

कालवं फोडणारणीची पोर ही! आवडीच्या डोक्यात ते टोच्यासारखं घुसलं. दुसऱ्या दिवशी ओहोटी लागताच तिने हांडी, वाटण आणि लाकडं उचलली, आणि चूल मांडली ती थेट या खडकावर. बघायला सगळा गाव किनाऱ्यावर लोटला. फेटा बांधून खोतही आला, खडकावर चढला.

"काय गो आवडी, माझी अर्धी हांडी?"

"तुमच्या जमिनीवर चूल पेटली तर ना, खोतानू? ही जमीन दर्याची."

"माझी नजर पोचते तिथवर माझी!"

"मग बसा तर. भरती आली की जो आधी उठेल तो हरला. मी उठले तर सगळी हांडी तुमची, नि गावातल्या प्रत्येक चुलीवरची. तुम्ही उठलात तर कुणाच्याच हांडीत तुमचं वाडगं बुडायचं नाही."

असं म्हणून तिने पदराने गुळगुळीत बाजू पुसली. "बसा. ही मानाची जागा."

खोत फुगून बसला. मान मिळाला की माणसाला उतार दिसत नाही, तुमचं-आमचंही तेच. आवडी शिजलेली हांडी मांडीवर घेऊन वर धारदार शिंपांवर बसली. लुगड्यातून रक्त ठिबकू लागलं, पण ती हलली नाही.

पाणी चढलं. खोताच्या घोट्याला लागलं, मग कमरेला. किनाऱ्यावर आधी खोकले, मग उघड खिदळणं.

"अगो, तुझ्याकडे पाणी कसं येत नाही?"

"मला शिंपा टोचतायत, खोतानू. पाणी मात्र धन्याला ओळखतं."

असं सांगतात, की चूल पाण्याखाली गेली तरी तिचा धूर लाटेतून वर येत होता. तो पाहिला आणि खोताचा धीर सुटला. फेटा तरंगत पुढे, खोत हातपाय मारत मागे, आणि तोंडाने गजर, "दर्याचा गो, दर्याचाच खडक!"

आवडीने पोरांना तिथेच बोलावून भरली हांडी पुढे ठेवली. धाकटीने पहिलं कालव तोंडात घातलं आणि तोंड वाकडं केलं. "शी! बुळबुळीत!" आवडीने तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि दुसरं भरवलं. तिसरं पोरीने आपल्या हाताने घेतलं.

आजही माघातल्या मोठ्या ओहोटीला गावच्या बायका त्या खडकावर हांडी चढवतात. पाहुणा जावई असो, मामलेदार असो की पुढारी, त्याला मानाच्या जागेवर बसवतात, आणि पाणी कमरेला लागेपर्यंत जेवायला वाढत नाहीत. मध्येच उठला तर उपाशी. खोताच्या घराण्यातले तर आपणहून येऊन भिजत बसतात. बायका वरच्या धारेवर बसून सावकाश कालवं खातात. रस्सा उरलाच, तर खाली येतो.