वळसा घालून येणारी गाडी

"मग दोष कुणाचा म्हणायचा, गुरुजी? गाडीचा की रुळाचा?"

रेवण गुरुजी फळीखाली सतरंजी टाकून उताणे पडले होते आणि चाळिशी कपाळावर सरकवून वरच्या वायरी निरखत होते.

फळी दिगंबररावांची. दिगंबरराव म्हणजे एस.टी.चे निवृत्त आगारप्रमुख. आपल्या आगारातून गाडी कधी उशिरा सुटली नाही, हे ते ओळख झाल्याझाल्या सांगत, आणि ओळख जुनी असली तरी सांगत. निवृत्तीनंतर त्यांनी घरात छोटी आगगाडी उभारायला घेतली होती. दाराएवढी प्लायवूडची फळी. एका टोकाला स्टेशन, तिथून निघणारा एकच मार्ग आणि दुसऱ्या टोकाला टेकडीभोवती वळसा. गाडीनं स्टेशनातून निघायचं, टेकडीला वळसा घालायचा आणि तोंड फिरवून त्याच मार्गानं परत यायचं.

एवढंच. पण तेवढंच होत नव्हतं. म्हणून आज फळी टेम्पोत घालून गुरुजींच्या ओसरीवर आणली होती. असल्या गाड्यांचं वेड असलेला कुर्डुवाडीतला हा एकच माणूस, मराठी शाळेतला म्हातारा मास्तर.

"वळशाचा शेवटचा तुकडा काढून ठेवला, की गाडी पळते," दिगंबरराव म्हणाले. "पण परत येत नाही. तुकडा बसवला, की जागची हलतच नाही. वीजपेटीवर नुसता लाल दिवा लागतो."

"वायरिंग झकास केलंय," फळीखालून आवाज आला.

दिगंबररावांची छाती फुगली. "एक वायर लोंबताना दिसायची नाही तुम्हाला. डाव्या रुळाला तांबडी, उजव्याला काळी. प्रत्येकीला भोक पाडून खाली घेतलीय. सगळं शिस्तीत."

"कुणासाठी एवढं?"

"नातीसाठी. रविवारी येतीय."

"नाव काय नातीचं?"

"अन्वी..." दिगंबरराव घुटमळले. "अन्वीच असावं. घरात हिला माहीत आहे."

गुरुजींनी पुढं विचारलं नाही. पण न विचारताच सगळं बाहेर आलं. केतकी, त्यांची एकुलती एक मुलगी. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, त्या दिवशी बंद झालेलं दार नात झाली तरी उघडलं नव्हतं. आता आईनं निरोप धाडला होता आणि ती येणार होती.

"येऊ दे, मी कुठं नको म्हणतोय? पण उंबऱ्याबाहेर उभं राहून आधी चुकलं म्हणायचं. मग आत. गेली तशी परत यायला पाहिजे ती मला."

"गेली तशी..." असं पुटपुटत गुरुजी फळीखालून बाहेर आले. गुडघ्यावर हात देऊन उभे राहिले.

"डाव्या रुळावर बोट ठेवा. स्टेशनापाशी. आता उचलायचं नाही, चालवत न्यायचं."

दिगंबररावांनी बोट चालवलं. सरळ मार्ग संपला, दोन वाटा फुटतात तो सांधा आला, मग टेकडीचा वळसा. बोट टेकडीला फिरून पुन्हा सांध्यापाशी आलं आणि थांबलं.

"कुठं आलात?"

"उजव्या रुळावर..."

"तांबडी म्हणून निघालात. काळीवर येऊन आदळलात. दोन्ही भिडल्या, की वीज तुटते आणि लाल दिवा लागतो."

दिगंबरराव आपल्या बोटाकडं बघत राहिले. इतके दिवस त्यांनी इंजिन उघडून पाहिलं होतं, चाकं पुसली होती. रुळावरून बोट काही फिरवलं नव्हतं.

गुरुजींनी बारीक करवत काढली.

"अहो, अखंड रूळ आहे तो!"

"म्हणून तर अडलंय."

वळशाच्या दोन्ही तोंडांशी त्यांनी रूळ कापले. फट नखाएवढी. आपण हौसेनं बसवलेल्या रुळावर करवत चालताना दिगंबररावांना बघवेना, ते अंगणात जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा वळशाच्या आत दोन नवी भोकं पडली होती आणि त्यांतून दोन वायरी खाली उतरल्या होत्या. आता वळशाची वीज वेगळी, स्टेशनाकडच्या म्हणजे घरच्या मार्गाची वेगळी.

घरच्या मार्गाच्या वायरींवर गुरुजी एक खटका बसवू लागले.

"गाडी वळशात शिरली, की हा फिरवायचा. घरच्या मार्गावर तांबडीची काळी होते, काळीची तांबडी. गाडी सुखानं आत येते."

"थांबा, थांबा. घरच्या मार्गानं का बदलायचं?" दिगंबररावांचा आवाज चढला. "तो आपल्या जागी सरळ आहे की. फिरून आलीय ती गाडी. बदलायचं असेल तर तिकडं बदला."

"तसं पाहिजे?"

"तसंच पाहिजे."

गुरुजींनी वाद घातला नाही. खटका काढून वळशाच्या वायरींवर बसवला आणि गाडी सोडली. ती सांध्यावरून गेली, टेकडीआड दिसेनाशी झाली, पलीकडून बाहेर आली. स्टेशन समोर दिसायला लागलं.

"फिरवा."

दिगंबररावांनी खटका फिरवला.

इंजिन अडखळलं. क्षणभर उभं राहिलं. मग चाकाखालची वीजच उलटल्यामुळं आल्या वाटेनं मागं मागं सरकत टेकडीआड जाऊ लागलं.

"अहो... येत होती की ती!"

"येत होती."

गुरुजींनी वीज बंद केली. दिगंबरराव टेकडीकडं बघत होते, आणि त्यांचा चेहरा आगारप्रमुखाचा राहिला नव्हता.

"पहिल्यासारखा बसवा खटका," शेवटी ते म्हणाले. "घरच्या मार्गावर."

या वेळी गाडी टेकडीमागं असतानाच त्यांनी खटका फिरवला. गाडीनं फट ओलांडली, सांधा ओलांडला. जाताना पाठमोरी गेलेली ती आता समोर तोंड करून स्टेशनात येऊन उभी राहिली. दिगंबररावांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं उगाच पुसत बसले.

फळी टेम्पोत चढली. दोरी बांधता बांधता त्यांचा हात थांबला.

"गुरुजी, तेवढ्यात फिरवायचं राहूनच गेलं तर... अगदी दाराशी आल्यावर फिरवला, तर नाही का चालणार?"

गुरुजींनी दोरीची गाठ हातानं चाचपून पाहिली.

"ती वाटेत आहे तोवर फिरवा. नंतर उशीर होतो, दिगंबरराव."