डायनामोचं दान

मोटारी रस्त्यावर नव्यानेच आल्या, तेव्हाची गोष्ट. एका मोटारीतला डायनामो गाडी जितकी पळेल तितकी वीज बॅटरीत ओतायचा. एकदा लांबच्या प्रवासात बॅटरीचं पोट तुडुंब भरलं, तरी तो थांबेना. ती कळवळून ओरडली, "पुरे!"

"कृतघ्न! देणाऱ्याचा हात अडवतेस?" डायनामो गरजला.

बॅटरीच्या अंगाचा तिळपापड झाला. "मला किती हवंय, विचारलंस कधी? हे दान नव्हे, जबरदस्ती आहे!"

तरीही तो ओततच राहिला. अखेर तिच्यातलं तेजाब उकळून उतू गेलं.

मग मेकॅनिकने दोघांमध्ये रेग्युलेटर बसवला. बॅटरी भरत आली की तो वीज रोखू लागला. डायनामो चवताळला, "माझ्या दानाच्या आड येणारा तू कोण?"

"तिचं ऐकणारा," रेग्युलेटर म्हणाला.