नुसता सूर धरणारा

राजे घोड्यावरून फिरत आणि सनई वाजल्याशिवाय किल्ल्याचा दरवाजा उघडत नसे, त्या फार फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. सांगताना माझा आवाज चढला तर घाबरू नका. यातल्या एका पोराचा मला अजून राग येतो.

एका गावात एका म्हाताऱ्या सनईवाल्याचे दोन शिष्य होते. दोघेही अनाथ, त्याच्याच घरी एका ताटात जेवून वाढलेले. धाकट्याची बोटे सनईवर अशी फिरत की बायका पाणी भरायचे सोडून ऐकत उभ्या राहत. थोरला त्याच्यामागे सूर धरी. सनईची रीतच तशी आहे. एकाने धून वाजवायची आणि दुसऱ्याने आपल्या सनईवर एकच सूर अखंड धरून ठेवायचा. गालांतली हवा फुंकत राहायची आणि त्याच वेळी नाकाने श्वास घ्यायचा. गाल ठणकतात, डोळ्यांत पाणी येते, पण सूर तुटू द्यायचा नाही.

म्हाताऱ्याचा नियम होता, आधी सूर धरायला शिका, मग धून वाजवा. धाकट्याने थोडे दिवस गाल फुगवले आणि कुरकुर सुरू केली. "बाबा, हे गाढवकाम मला नाही जमायचं. मला वाजवू द्या."

म्हाताऱ्याने त्याच्या बोटांकडे पाहिले आणि लाडाने सोडून दिले. चुकलेच त्याचे! गुणी पोराचे लाड करायचे नसतात असे नाही, पण शिकायचे टाळू दिले की तो लाड राहत नाही.

पुढे म्हातारा वारला. मरताना तो म्हणाला, "दोघं मिळून किल्ल्याच्या नगारखान्यात वाजवा. माझी तेवढीच इच्छा आहे."

दोघांना लग्नांची बोलावणी येऊ लागली. पहिल्याच लग्नात लोकांनी धाकट्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवले. कुणी म्हणाले, "काय वाजवतोस रे!" कुणी म्हणाले, "सगळं तर तूच करतोस. हा मागे बसून नुसता फुंकतोय." हे बोलणाऱ्यांना सनईतले ओ की ठो कळत नव्हते. पण धाकट्याला ते बोलणे गुळासारखे गोड लागले.

तेव्हापासून तो बिघडला. सकाळचा सराव सुटला, कारण सरावाला टाळ्या पडत नाहीत. लग्नात तो पहिल्या पंगतीला पाहुण्यांच्या मांडीला मांडी लावून बसे. थोरला शेवटच्या पंगतीत गार भात खाई. वाजवताना एखादी जागा चुकली की धाकटा भर मांडवात मागे वळून डोळे वटारी, जणू चूक थोरल्याचीच. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. तरी तो सूर धरून बसे.

एके दिवशी दवंडी पिटली गेली. नगारखान्यात नवे सनईवाले नेमायचे होते.

थोरल्याने बाबांची सनई पुसून ठेवली. धाकटा मात्र जत्रेतून एक दुसराच माणूस घेऊन आला. जरीची पगडी, कानात भिकबाळी, दिसायला ऐटदार.

"आणि मी?" थोरल्याने विचारले.

"तुझं तिथे काय काम?" धाकटा खेकसला. "दरबारात शोभेल असा माणूस नको? सूर काय, कुणीही धरतो."

आणि तो निघून गेला. एका ताटात जेवलेला माणूस असा निघून गेला!

किल्ल्यावर नगारखान्याचा मुख्य ऐकायला बसला होता. म्हातारा, तिरसट, पण कानाचा पक्का. धाकट्याने धून सुरू केली आणि म्हाताऱ्याची मान डोलू लागली. धाकट्याला वाटले, झाले आपले काम. तेवढ्यात म्हाताऱ्याने हात वर केला. "छान. आता अदलाबदल करा. पगडीवाला वाजवेल, तू सूर धर."

"मी?"

"मग कोण? इथे पहाटेपासून सूर्य वर येईपर्यंत वाजवावं लागतं. एक दमला की दुसरा धून घेतो. सूर धरता न येणारा माणूस या दरवाजावर बसत नाही."

धाकट्याने सनई तोंडाला लावली. सूर लागला, थरथरला आणि तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. छातीत दम कोंडला, गाल फाटायला आले. मग तो भडकला. सनईच्या तोंडाशी बसवलेल्या पत्तीला नावे ठेवली, वाऱ्याला शिव्या दिल्या आणि पगडीवाल्यावर ओरडला.

"पत्तीला बोल लावू नकोस!" म्हातारा गरजला. "आजवर तुझ्यामागे सूर कोण धरत होता?"

"आहे एक गावाकडे. तो नुसता सूर धरतो."

"नुसता?" म्हातारा ताडकन उठला. "अरे मूर्खा, त्या नुसत्या सुरावर तू उभा होतास! त्याला घेऊन ये आणि त्याच्याकडून सूर धरायला शीक. तरच तुला पुन्हा ऐकेन."

धाकटा धावत गावी आला. थोरला अंगणात सराव करत होता.

"चल लवकर," धाकटा म्हणाला. "किल्ल्यावर तुला बोलावलंय. चुकलं माझं, बास? आता चल."

थोरल्याने सनई खाली ठेवली. 

"मलाही किल्ला हवा होता रे! बाबांनी तो आपल्या दोघांसाठी मागितला होता. मी गार भात खाल्ला, तुझे वटारलेले डोळे सोसले, ते त्याचसाठी. आणि तुला माझी लाज वाटली. आजही तुला मी नको आहे, तुला माझा सूर हवा आहे. तो मी देणार नाही."

"मग तुझंही नुकसान होईल!"

"होऊ दे. नीघ माझ्या अंगणातून."

धाकट्याने विनवण्या केल्या, मग शिव्या दिल्या, मग पुन्हा विनवण्या केल्या. थोरला घरात गेला आणि त्याने दार लावून घेतले.

त्यानंतर धाकट्याला सूर धरणारे पुष्कळ मिळाले, पण त्याच्या तोंडापुढे एकही टिकला नाही. शेवटी तो वरातींपुढे एकटाच वाजवू लागला. तिथे ढोल एवढे बडवतात की सनई सुरात आहे की नाही हे कुणालाच कळत नाही. नवऱ्यामुलाचे मित्र नाचत, ओरडत, त्याला ढकलून पुढे जात. इतकी गुणी बोटे, आणि ऐकणारा एकही कान नाही! कोणी वाया घालवली ती? त्यानेच.

तात्पर्य : टाळ्यांना भुलून जो कलावंत साथ देणाऱ्याला हलका समजतो, त्याची कला ऐकणारे कोणी उरत नाही.