सरकारांची मोटार आणि सावरीचा कापूस

शिरसवाडी संस्थानच्या उदाजीराव सरकारांची मोटार धावताना वाघ होती. उभी राहिली, की मात्र दोन आचके द्यायची आणि गप्प व्हायची. एकदा तर शेजारच्या संस्थानिकांनी हार घालायला हात उचलले आणि नेमकी तेव्हाच ती बंद पडली. सरकारांचा पारा चढला.

"दस्तगीर, हे तू मुद्दाम करतोस," ते ड्रायव्हरला म्हणाले.

"नाही सरकार. एकदा बॉनेट उघडून बघू द्या."

"खबरदार! मागच्या कारागिरानं गाडी खोलली, परत जोडली आणि उरलेले स्क्रू आमच्याच हातावर ठेवले. आता रोग कळेपर्यंत हिला माणसाचा हात लागता कामा नये. हात न लावता संध्याकाळच्या आत रोग सांग, नाहीतर संस्थान सोड."

दस्तगीर मान खाली घालून पिंजारआळीतल्या आपल्या घरी आला. त्याची बायको शहाबी गादीत सावरीचा कापूस भरत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"धावताना बरी असते ना?"

"झकास असते. उभी राहिली, की आतून सूं सूं करते आणि मरते."

"म्हणजे कुठूनतरी वारा खातेय," असं म्हणून शहाबीनं मूठभर कापूस पदरात बांधला आणि दस्तगीरला घेऊन तडक वाडा गाठला.

मोटार अंगणात उभी होती. सरकार ओसरीवर बसले होते.

"रोग सांगते सरकार. पण आधी बॉनेट उघडायला हवं."

"आणि आमचा हुकूम?"

"हुकूम माणसांसाठी आहे. सरकार तर देवाचा अवतार, रोज भाट ओरडून सांगतो."

आता नाही कसं म्हणणार? सरकारांनी अस्तन्या सारल्या, स्वतः बॉनेट उचललं, स्वतःच आत बसून गाडी सुरू केली. इंजिन खोकू लागलं. शहाबी हातभर लांब उभी राहिली आणि तळहातावरच्या कापसावर तिनं हलकी फुंकर मारली.

कापूस इंजिनावर तरंगत गेला. थोडा इकडे, थोडा तिकडे. आणि अचानक एक पुंजका सर्रकन खाली ओढला जाऊन हवेच्या नळीच्या सांध्याला चिकटला. आचके देत गाडी बंद पडली.

"तिथं फट आहे सरकार. गाडी पळते तेव्हा तिला भरपूर हवा लागते, एवढ्याशा फटीचं काही वाटत नाही. उभी असली, की तिला घोटभर पुरते, त्यात हा चोरटा वारा घुसतो आणि तिचा जीव गुदमरतो."

सरकार बाहेर आले. त्यांनी सांध्याजवळ वाकून पाहिलं, फट खरीच होती. पण हार मानतील ते उदाजीराव कसले!

"पण बाई, कापूस तुझा आणि तो गाडीला लागला. म्हणजे तुझाच हात लागला. हुकूम मोडलास तू."

"मी कापूस वाऱ्यावर सोडला सरकार. जवळ ओढून घेतला तो तुमच्या गाडीनं. आता परक्या बाईचा कापूस ओढल्याबद्दल शिक्षा द्यायची, तर तिलाच द्या."

सरकार आधी गंभीर राहायला बघत होते, मग पोट धरून हसू लागले. दस्तगीरनं सांध्यात नवी चकती घालून तो घट्ट आवळला. मोटार उभ्या जागी मांजरासारखी गुरगुरत राहिली.

"माग काय हवं ते," सरकार म्हणाले.

"यांची नोकरी राहू द्या. आणि ही गाडी एकदा पिंजारआळीत येऊन माझ्या दारासमोर उभी राहू द्या. चालू!"

त्या संध्याकाळी सगळी पिंजारआळी रस्त्यावर आली. पुढं सरकार स्वतः गाडी चालवत होते आणि मागच्या गादीवर शहाबी आणि दस्तगीर ऐटीत बसले होते.