आखूड शेपटीची पिंगी

माणूस जन्मायच्या कितीतरी आधी, डायनोसॉरच्या काळात, एका उथळ समुद्राकाठच्या कड्यावर पंखवाल्या सरड्यांचा थवा राहत असे. त्यांची पिल्लं आईच्या लांब शेपटीवर नजर ठेवून, तिच्यामागे उडायला शिकत. करडीची लेक पिंगी मात्र आखूड शेपटीची निघाली.

"आई, उडू? पंख शिवशिवतायत गं!"

म्होरक्या लांबोजी फिस्कन हसला. "उद्या हिची पिल्लं कशामागे उडतील, दगडामागे? करडे, शेपूट वाढेपर्यंत हिला कड्यावरून सोडायचं नाही."

करडीला लेकीचे रुंद पंख दिसत होते. तरी थव्यापुढे ती एवढंच म्हणाली, "थांब बाळा, वाढेल."

शेपूट वाढलं नाही. एके दिवशी वादळात लाटा कड्यावर चढल्या आणि थवा उडाला.

"पिंगे, उड!" करडी वरून ओरडली.

"कसं गं, आई?"

करडी खाली उतरली आणि लेकीला पंखाखाली घेऊन बसली.

युगं लोटली, दोघींवर साचलेल्या गाळाचा दगड झाला. लांब शेपटीवाले सगळे संपले. पुढे आकाश भरून उडाले ते आखूड शेपटीचेच. माणसांनी दगड फोडला, तेव्हा दोघी सापडल्या. आईचे पंख पसरलेले होते. लेकीचे अजून मिटलेलेच होते.